साडभाऊंची भीतीची वही

वर्धा ते हिंगणघाट रस्त्यावर कुठल्या पेट्रोलपंपाचा संडास उघडा असतो आणि कुठल्या हॉटेलवाल्याकडे चावी मागावी लागते, हे माझ्या साडभाऊंइतकं या जिल्ह्यात कोणालाही ठाऊक नसेल. यावरूनच मी पुतण्याच्या साखरपुड्यात माइकवरून त्यांची थट्टा केली. चूक माझीच होती, हे आधीच कबूल करतो.

साडभाऊंना आतड्यांचा जुना विकार. पोट बिघडेल या धास्तीनेच त्यांचं पोट बिघडायचं. वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी मेघेतून बाहेर कुठे निघायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून जेवण बंद. लग्नात नवरदेवाला बघण्याआधी ते मांडवामागची गल्ली बघून यायचे. मुलगी हिंगणघाटला दिलेली, पण दर वेळी अर्ध्या रस्त्यातून परत फिरल्याने चार वर्षांत तिच्या घराचा उंबरा त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी डॉक्टरांनी औषधाच्या जोडीला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाईंनी पोटावर हात ठेवून सावकाश श्वास सोडायला शिकवलं आणि प्रवास पायरीपायरीने करायला सांगितला. साडभाऊंनी ते बोर्डाच्या परीक्षेसारखं मनावर घेतलं. आठवडाभर रोज सकाळी ते स्टँडवर उभ्या असलेल्या बसमध्ये नुसतेच बसून यायचे. कंडक्टर विचारायचा, "काका, कुठं जाचं?"

"कुठंच नाई बाप्पा. बसून राह्यलो."

मग एक थांबा, मग पवनार. सोबत एक वही. पानाच्या डावीकडे भीती, उजवीकडे खरोखर काय झालं ते. 'भीती : पवनारच्या अलीकडेच उतरावं लागन. झालं : शेंगदाणे खाल्ले.'

तीन महिन्यांनी ते हिंगणघाटला साखरपुड्याला बसने आले, तेही घरून पोहे खाऊन. जेवणं झाली की मुलीच्या घरी चहाला जायचं ठरलं होतं. तिने सकाळीच अंगण सारवून ठेवलं होतं. आणि माइक हातात आलेला मी म्हणालो, "साडभाऊंची खुर्ची संडासापाशी लावा रे, नाईतर मांडव सोडून पळतीन!"

सारा मांडव हसला. साडभाऊही हसले, पोटावर हात ठेवून. पंगत बसली तेव्हा ते नव्हते. ऑटो करून परत गेले होते.

पुढे साडभाऊंच्या नातीचा पहिला वाढदिवस आला. मुलीने मला फोन केला, "मावसाजी, बाबा येत नाई म्हणतात. वही पण उघडत नाईत."

मी पिपरीला गेलो. साडभाऊंनी वही माझ्यापुढे सरकवली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'भीती : लोक हसतीन. झालं : हसले.'

बाईंनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करायला सांगितलं होतं. दुसऱ्या सकाळी मी त्यांना बळेच स्टँडवर नेलं आणि उभ्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसलो.

"तुमी काऊन बसले?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माइक आणला का संगं?"

मी त्यांच्यासारखा पोटावर हात ठेवला, सावकाश श्वास सोडला.

"साडभाऊ, तुमची एकेक भीती खोटी ठरून राह्यली होती. एकच खरी झाली, अन् ते मी केली. मले माफ करा."