ताजबींच्या मुठीतलं आमसूल

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत अकबर फणसोपकरांचं गॅरेज शोधायचं तर पाटी बघत फिरू नये, कारण पाटी नाहीच. एका शेडसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक बाई मूठ घट्ट मिटून बसलेल्या दिसल्या की समजावं, पोचलो. त्या ताजबी, अकबरभाईंच्या पत्नी. मुठीत असतं ते आमसूल.

रत्नागिरीत गाड्या दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. अकबरभाई गाड्या माणसात आणतात. हौशी पोरांनी पुण्या-मुंबईत जमिनीला टेकवलेल्या, दगडासारख्या कडक करून ठेवलेल्या गाड्या शेवटी त्यांच्याकडे येतात आणि रोज वापरता येण्याजोग्या होऊन जातात. माझीही तशीच गेली.

मी पावसला हायस्कुलात विज्ञान शिकवते. भाच्याने, ऋत्विकने, परदेशी जाताना त्याची लाल सेडान माझ्या गळ्यात मारली असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर मीच मागून घेतली. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मला एकदा तरी वेगाची गाडी चालवायची होती, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. गाडी देखणी होती आणि अत्यंत गैरसोयीची होती. प्रत्येक गतिरोधकावर पोट घासायची. सायलेन्सर असा, की मी वाटेतलं गोळप गाव सोडलं की शाळेत मुलं वह्या काढून बसत. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्हाला हजेरीपत्रकावर सही करायची गरज नाही." माझा पारा चढला, पण त्यांचं म्हणणं खरं होतं.

अकबरभाईंनी उकिडवं बसून गाडीखाली हात घातला. जेमतेम चार बोटं गेली.

"बाई, ही गाडी रस्त्यासाठी नाय, फोटोसाठी हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. गाडीचं काम झालं की ताजबी मागच्या सीटवर बसतात. अकबरभाई गाडी खेडशी नाक्यापर्यंत नेऊन परत आणतात. ताजबींना गाडी लागते. लग्न होऊन आल्या तेव्हापासून लागते. माहेरी असताना एसटीने चिपळूणला जायच्या, तेव्हा काही होत नसे, पण वयाबरोबर होतं माणसाला असं, असं त्या म्हणत. आता तर दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायचं त्यांना धाडसच नव्हतं. मळमळायला लागलं की मुठीतलं आमसूल तोंडात जातं. फेरी संपायच्या आत ते तोंडात गेलं तर गाडी नापास आणि काम पुन्हा पहिल्यापासून. आमसूल मुठीतच राहिलं तर गाडी पास. वीस वर्षं हेच चाललं होतं, आणि अख्ख्या जिल्ह्यात ताजबींनी पास केलेल्या गाडीला भाव जास्त.

"आणि मीटर, मशीन वगैरे काही?" मी विचारलं.

"मशीन खोटं बोलतं. तिचं पोट नाय बोलत."

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. मला हे ऐकून हसू आलं आणि थोडा रागही आला. पण माझ्या गाडीचं काम नेहमीसारखं असणार नव्हतं, हे त्याच दिवशी कळलं.

त्यांची मुलगी निदा राजापूरला दिलेली. सहा वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशी अकबरभाईंनी स्वतः गाडी चालवत ताजबींना तिकडे नेलं. हातखंब्यापासून अकरा आमसुलं संपली, आणि व्याह्यांच्या दारात, सगळा मानपान उभा असताना, ताजबींना जे व्हायचं ते झालं. त्यानंतर त्या राजापूरला गेल्या नाहीत. निदाच यायची. तिच्या पोरीने, आयातने, एकदा विचारलं होतं, "नानी, आमचं घर तुला आवडत नाय?" ते ताजबींना फार लागलं होतं. आता निदाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. बाळंतपण राजापुरात. आईने जायलाच हवं होतं, आणि हातात दोन महिने होते.

"ही गाडी बसकी हाय, वळणावर झुकत नाय," अकबरभाई माझ्या लाल गाडीच्या छतावर हात ठेवून म्हणाले. "हीच तिला राजापूरला नेईल. नेऊ देशील ना, बाई?" एरवी अहोजाहो करणारा माणूस अगं-तुगंवर आला, तेव्हा नाही कसं म्हणणार?

पहिल्या खेपेला त्यांनी कडक स्प्रिंगा काढून मऊ घातल्या, अगदी पाळण्यासारख्या. मी म्हटलं, असं संथ हलणंच पोट ढवळतं. "तुमचं पुस्तक शाळेत," म्हणाले. खेडशी नाका यायच्या आत आमसूल तोंडात गेलं. माझा चेहरा बोलला असावा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि पुस्तकात काय लिहिलंय ते विचारलं. मग आम्ही दोघांनी मिळून मधली स्प्रिंग शोधली. शॉक-अप बदलले, रुंद चपटे टायर काढून जाड कडांचे लावले, सायलेन्सर साधा बसवला. दुसऱ्या फेरीला आमसूल नाक्यावरून परत फिरेपर्यंत टिकलं. तिसऱ्या वेळी सीटचा फोम बदलला, गाडी अजून एक बोट वर उचलली. मी आठवडाभर ती पावसला नेत होते आणि इतकी सुखाची गाडी मी कधी चालवली नव्हती. तिसऱ्या फेरीला गॅरेज दिसायला लागल्यावर ताजबींनी आमसूल तोंडात टाकलं.

"नापास," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनाच जास्त वाईट वाटलेलं दिसत होतं. अकबरभाई त्या दिवशी जेवले नाहीत. मी चौथ्या कामासाठी गाडी तिथेच ठेवून आले.

आणि मग एका गुरुवारी, दहा दिवस आधीच, निदाला कळा सुरू झाल्या. अकबरभाई एक गाडी आणायला खेडला गेलेले, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. मला सुट्टी होती. ताजबींचा फोन आला.

"बाई, तुमची गाडी नापास हाय, ठाऊक हाय मला. तरी न्याल?"

मी रिक्षाने गॅरेजवर गेले. गाडीचं चौथं काम अजून सुरूच झालेलं नव्हतं. त्या नेहमीप्रमाणे मागे बसल्या, मूठ मिटून. मी जन्मात इतकी घाबरून गाडी चालवली नसेल. पुढे खड्डा दिसला की लांबूनच पाय उचलायचा, ब्रेक जरासा, वळण सावकाश. वेगाची हौस सगळी घरी ठेवली होती. हातखंबा गेला. पाली गेली. अंजणारीच्या वळणांवर मी आरशात बघायची हिंमत केली, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

लांज्याला म्हणाल्या, "बाई, मला भूक लागली."

मी गाडी बाजूला घेतली. चालत्या गाडीत या बाईला तीस वर्षांत पहिल्यांदा भूक लागली होती. आम्ही एका हॉटेलात बटाटेवडे खाल्ले. उजवी मूठ मिटलेलीच, म्हणून डाव्या हाताने खाऊ लागल्या आणि मग लाजून त्यांनी आमसूल ओढणीच्या टोकाला बांधलं.

राजापूरला दवाखान्यात पोचलो तेव्हा एक वाजला होता. निदा आईला बघून रडली, आई निदाला बघून रडली, आणि मला काही काम नसल्यामुळे मीही रडले. तीन वाजता मुलगा झाला. त्याचं नाव पुढे उमेर ठेवलं. आयात नानीचा हात धरून तिला आपलं घर दाखवायला घेऊन गेली, अगदी मागच्या विहिरीपर्यंत.

संध्याकाळी अकबरभाई आले. नातवाला बघितलं, त्याच्या कानाशी काही पुटपुटले, आणि मग खाली येऊन लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"पास ना?"

"पास," मी म्हटलं. इतका आनंदी माणूस मी क्वचित पाहिला आहे.

चाळीस दिवसांनी ताजबींना आणायला गेलो. गाडी तीच, रस्ता तोच. या वेळी अकबरभाई चालवत होते आणि मी शेजारी बसले होते. अर्जुना नदीचा पूलसुद्धा ओलांडला नव्हता, तोच मागून आमसूल चघळल्याचा आवाज आला. मी खाली बघितलं, आणि मला अकबरभाईंचा उजवा पाय दिसला. बारा वर्षं सौदीत, दमामला ट्रेलर चालवलेला पाय. ब्रेक म्हणजे झुरळ दिसल्यासारखा दाणकन. लगेच तसाच अॅक्सिलरेटर. मी मागे वळले. ताजबी माझ्याकडेच बघत होत्या.

लांज्याला ते चहा सांगायला उतरले. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, मुलांना नियम समजवावा तसं.

"काय बोलू नका हां, बाई," ताजबी म्हणाल्या. "वीस वर्षं माणूस माझ्यासाठी गाड्या सुधारतोय."

मी गप्प बसले, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं हे माझा नवराच सांगू शकेल. विचार केल्यावर गंमतही वाटली. त्या पायाखाली जी गाडी ताजबींना लागत नाही, ती जगात कुणालाच लागणार नाही. अकबरभाईंच्या कामाचं नाव उगाच झालेलं नव्हतं.

तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी ताजबींचा फोन येतो, "बाई, गाडीची टेस्ट घ्यायची काय?" आम्ही दोघी राजापूरला जाऊन येतो. अकबरभाई निघताना टायरमधली हवा बघतात आणि खुशीत हात करतात.

गेल्या रविवारी मात्र ते स्वतःच मागचं दार उघडून ताजबींच्या शेजारी बसले. म्हणाले, उमेरचे दात बघायचेत, आणि गाडी बाईंची हाय, बाईच चालवतील. आपण सुधारलेल्या गाडीत मागे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. मी नेहमीसारखी चालवली. हातखंबा, पाली, अंजणारी. मला वाटलं, मागे दोघंही झोपले.

लांजा आल्यावर मागून आवाज आला, अगदी हळू, कुणाला तरी विचारावं तसा.

"बाई, ब्रेक एवढा हळू लावतात होय?"

मी आरशात बघितलं. अकबरभाई स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होते, आणि चेहरा असा झाला होता की पाहवत नव्हतं. ताजबींनी मूठ उघडली, कोरडं आमसूल त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांचा हात मिटवला.

"गाडी पास हाय," त्या म्हणाल्या. "तुम्हीच केलीत ती पास. आता भूक लागलीय मला, वडे खाऊया."