मीठ कुणी चाटवलं

एका सोमवारी आबांची मेंढरं मेली. गुरुवारी आबा आमच्या कॉलेजात आले. त्यांना सभागृहाबाहेर बसवलं. आबा माझे वडील. मी त्या कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते आणि त्या वेळी सभागृहातच, तिसऱ्या रांगेत बसले होते.

व्यासपीठावर शेठ बोलत होते. ते आमच्या संस्थेचे विश्वस्त. पारगावच्या अलीकडे त्यांची शेड आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या संपलेल्या बॅटऱ्या तिथे फोडतात. आतून काळी पूड निघते. तिच्यात कोबाल्ट असतो, निकेल असतं. ती पूड पुढे मोठ्या कारखान्याला जाते आणि पुन्हा बॅटरीत येते.

भाषण मी लिहून दिलं होतं. शेठच्या ऑफिसातून इंग्रजी टिपणं आली होती. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे." मी दोन आठवडे त्यावर बसले. आवडीनं.

"दूर आफ्रिकेत लहान लहान मुलं हातांनी माती उकरतात, तेव्हा आपल्या गाडीत कोबाल्ट येतो," शेठ वाचत होते. "आपण माती उकरत नाही. आपण टाकलेल्यातून काढतो. आमच्या बॅटरीला कुणाच्या अश्रूंचं ओझं नाही."

शेवटचं वाक्य टिपणात नव्हतं. ते माझं होतं.

तेवढ्यात दारात आबा दिसले. खांद्यावर घोंगडी, हातात फडक्याची पुरचुंडी. ते दोन पावलं आत आले.

"शेठ, माती आणलीया. जरा बगा."

शेठ थांबले. माइकमध्येच हसले.

"मामा, बाहेर बसा जरा. पोरांना वास येतोय. मेंढरं पण आणलीत का काय संगं?"

सभागृह हसलं. पुढच्या रांगेतली मुलं वळून बघायला लागली. एकानं नाकाला रुमाल लावला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे पाहिलं.

शिपायानं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं, चपला काढतात तिथे बसवलं. दार उघडं होतं. शिपायानं विचारलेलं मला ऐकू आलं, "कुणाकडं आलाय, बाबा?"

"कॉलेजात कुणाकडं न्हाई. शेठकडं आलोय."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझी अब्रू राखली. मी टाळ्या वाजल्या तेव्हा टाळ्या वाजवल्या.

आमचं घर निमगाव सावाच्या शिवारात. सुगी सरली की आबा मेंढरं घेऊन निघायचे. शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात. भोवती जाळी लावायची, मेंढरं आत कोंडायची, लेंड्यांनी रानाला खत होतं. बदल्यात ज्वारी, बाजरी. त्या वर्षी एका ओळखीच्या बागायतदारानं बोलावलं. त्याचं रान शेडच्या खालच्या अंगाला होतं.

रानाच्या कडेला चर होती. पाणी आटलेलं. चरीच्या काठावर पांढरा थर धरला होता.

मेंढराला मीठ लागतं. कोरड्या चाऱ्यावर असलं की जास्तच. आम्ही मीठ बरोबर ठेवतो, सपाट दगडावर पसरतो आणि चाटू देतो. कुठे खारट माती सापडली तर ती आमच्यासाठी चांगली गोष्ट असते. आबांची एक सवय होती. ते आधी स्वतः चाखायचे. त्या दिवशीही बोट लावून त्यांनी जिभेवर ठेवलं.

"खारटच हाय की. चाटू दे," ते आईला म्हणाले, आणि पिशवीतलं मीठ तसंच ठेवलं.

दोन दिवसांत मेंढरं पडायला लागली. तोंडाला फेस, पाय ताणलेले. फोनवर आबा मला म्हणाले, "रोग आला गं, पोरी." मीही रोगच समजले. मग बागायतदारानं त्यांना सांगितलं, चर शेठच्या शेडमधून येते, माती नेऊन त्यांनाच दाखवा.

भाषणानंतर चपलांजवळ उकिडवं बसून आबांनी फडकं सोडलं. राखाडी माती, तिच्यात पांढरे खडे. आणि मला टिपणातलं एक वाक्य आठवलं. फोडण्याआधी बॅटऱ्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे त्यांच्यातली उरलीसुरली वीज उतरते. ते वाक्य मी भाषणात घेतलं नव्हतं. रटाळ वाटलं म्हणून गाळलं.

ते पाणी नंतर कुठे जातं, हे टिपणात नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आफ्रिकेतल्या मुलांसाठी मी एक पूर्ण परिच्छेद लिहिला होता.

मी आबांना सांगितलं, चरीतलं मीठ त्या बॅटऱ्या बुडवलेल्या पाण्याचं असणार, त्यात बॅटरीचं विष उतरलेलं. त्यांनी फडक्याला परत गाठ मारली.

"म्हंजी मीच चाटवलं."

यानंतर ते हेच वाक्य म्हणत राहिले. जेवताना, अंगणात, रिकाम्या जाळीकडे बघत. त्यांना दुसरं काही सांगून पटलं नाही.

चार दिवसांनी शेठना कळलं की ते माझे वडील. प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. चहा मागवला.

"अहो, आधी सांगायचं ना मॅडम. आत खुर्ची दिली असती."

त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला.

"मेंढ्या साथीनं मेल्या, असं लिहा. चार ओळी. तुमचं मराठी लई भारी. खाली वडलांचा अंगठा घ्या."

"आबा सही करतात."

"बरं, सही घ्या. तुमच्या कायम व्हायचंही बघू आता. किती वर्षं हंगामी राहणार?"

"चर तुमच्या शेडमधून येते," मी म्हटलं.

"चर येते. पण मेंढराचं तोंड आम्ही धरून लावलं का तिथं? कुणी चाटवलं? तुमच्याच वडलांनी ना?" शेठ चिडले नव्हते. समजावत होते. "मोठं काम चाललंय हे. उद्या जगातल्या खाणी बंद व्हायच्या तर थोडं कुठंतरी सोसायलाच लागणार. तुम्ही तर शिकलेल्या आहात."

मी कागद घेतला. होय, घेतला. घरी आणला. हे लिहिताना अजून लाज वाटते.

आबांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद हातात धरला, उलटसुलट केला.

"लिही की. तुजी नोकरी पक्की व्हईल. मेंढरं काय आता उठत्यात व्हय? आन् खोटं तरी काय, मीच चाटवलं व्हतं."

"आबा, तुम्ही पण चाटलं होतं. आधी तुम्ही चाटलं."

"मंग? मी मेलो का?"

ते हसले. त्या दिवसांतलं ते एकच हसणं. आणि त्या हसण्याकडे बघताना मला कळलं, मी चार ओळी लिहिल्या तर आबा त्या खऱ्या मानतील. मुलीनं लिहिलंय म्हणून सही करतील आणि मरेपर्यंत गुन्हेगार राहतील. भाषणातही मी हेच केलं होतं. चांगल्या मराठीत एक चर बुजवली होती.

दुसऱ्या दिवशी कागद कोराच परत नेला.

"हे मी लिहिणार नाही. आणि त्या दिवशी तुम्ही बाहेर बसवलं ते माझे वडील होते. हे मी तिथंच उभं राहून सांगायला हवं होतं. आज सांगते."

शेठ प्राचार्यांकडे बघून म्हणाले, "वाचून वाचून असं होतं बघा."

पुढच्या सत्रात मला बोलावणं आलं नाही. तक्रार मी लिहिली. तालुक्याला दिली, जिल्ह्याला दिली. अर्धी माती सोबत जोडली. पोच मिळाली. उत्तर नाही.

आबा पावसाळ्यानंतर गेले. डॉक्टर म्हणाले, यकृत. ते मी त्या मिठाला जोडत नाही. मला जोडता येत नाही. माती तपासायला महिने लागतात आणि माणूस जाळायला एक दुपार पुरते. शेवटच्या आठवड्यातही ते म्हणाले, "मीच चाटवलं." मी दर वेळी "नाही" म्हणत राहिले. त्यांना पटलं की नाही, मला माहीत नाही.

मी पेट्रोलच्या बाजूनं लिहीत नाही. माझी स्कूटर बॅटरीवरच चालते, अजूनही. तिच्यावरूनच मी तालुक्याला जाते आणि त्याच तक्रारीची विचारणा करते. कुणाच्या तरी अंगावरून ती चालते, एवढं आता मला माहीत आहे. ते वगळून मी एक ओळही लिहिणार नाही. कुणासाठीच.

शेड सुरू आहे. शेठ माझं भाषण आता दुसऱ्या कॉलेजांत वाचतात.

उरलेली अर्धी माती माझ्याकडे बरणीत आहे. बरणीवर चिठ्ठी लावली आहे. चिठ्ठीवर जागा लिहिली आहे, वार लिहिला आहे, आबांचं पूर्ण नाव लिहिलं आहे. त्याखाली माझं नाव, आणि पुढे: मुलगी.