उज्वलाची झोप आणि घरभर चौकशी

सातव्या महिन्यात उज्वलाच्या डोळ्याला डोळा लागेना. रक्तदाब चढायला लागला होता आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, की झोप झाली नाही तर भरती व्हावं लागेल. उज्वलाला दवाखान्याची भारी धास्ती, त्यामुळे होती नव्हती ती झोपही उडाली. मग तिथल्या नर्स दीक्षा मॅडमनी एक उपाय शिकवला. डाव्या कुशीवर पडायचं, संथ श्वास घ्यायचा आणि पायांपासून एकेक अवयव आवळून सैल सोडायचा.

सोपं होतं. पण कोपरखैरण्याच्या त्या दोन खोल्यांत सोपं काही टिकत नसे. नवरा शिवतेज कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. सूचना द्यायचं काम त्याने हौसेने अंगावर घेतलं. पण दिवसभर गोणी उचलताना जोडीदाराला घालायची हाकच त्याच्या गळ्यात बसलेली. ‘पाय आवळ, धर, सोड’ हे तो अशा आवाजात सांगे, की पुढची गोणी आपल्याच पाठीवर येणार असं तिला वाटे. आणि मानेपर्यंत पोचायच्या आत हा पठ्ठ्या स्वतःच घोरायला लागे.

सासूबाई राहीबाई साताऱ्याकडच्या. जीव लावणाऱ्या, पण भारी चौकस. सुनेचा डोळा लागतोय असं दिसलं की त्या हळूच जवळ येत, वाकत आणि विचारत, “झोपलीस का गं?” झालं, सगळी मेहनत पाण्यात. रोज हेच. उज्वलाला रडू यायचं. पण एवढ्या मायेने विचारणाऱ्या बाईला गप्प बसा म्हणायचं तरी कसं?

डोहाळजेवणाचा दिवस आला. सोसायटीच्या हॉलमध्ये सजवलेला झोपाळा, अंगावर हिरवी साडी, फुलांचे दागिने आणि अख्ख्या बिल्डिंगच्या बायका एकाच वेळी बोलणाऱ्या. शेजारच्या पुतळामावशी तर डोहाळ्याचं गाणं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून धरत होत्या. कलकलाट सोसवेना म्हणून उज्वलाने डोळे मिटून श्वास लांबवला. पाय आवळले, सोडले. खांदे आवळले, सोडले. इथे झोपेचं कुणीच विचारत नव्हतं.

समोर दोन झाकलेल्या वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिने हात पुढे केला, तो मधेच थांबला आणि अलगद मांडीवर पडला. मान कलली.

पुतळामावशी तिला हलवायला पुढे झाल्या. राहीबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“कुनी उठवू नगासा. पेढा का बर्फी, ते दोन म्हैन्यांनी कळंलच की. माझ्या लेकीला झोप लागलीया.”

त्यांनी सुनेला डावीकडे उशी लावून दिली. पंगती खाली पार्किंगमध्ये हलल्या, बायका चपला हातात घेऊन गेल्या. राहीबाई एकट्याच झोपाळ्याला हात लावून बसल्या. थोड्या वेळाने सवयीने सुनेवर वाकल्या, तोंड उघडलं, आणि पदराचा बोळा त्यात कोंबून त्या झोपाळा हलवत राहिल्या.