येळवशीचा डेरा

लातूरकडच्या मुरुडपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या त्या गावात विरूपाक्षअप्पा म्हणजे अंबिलीचा माणूस. एरवी तीन एकर रान, दोन म्हशी अन् दुखरे गुडघे, एवढाच त्यांचा कारभार. पण मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे आपली येळवस, जवळ आली की अप्पा जरा ताठ चालायला लागायचे.

येळवशीला सगळा मुलूख रानात जेवतो, जो तो आपापल्या रानात. या गावातली लिंगायतांची घरं मात्र मठाच्या रानात एकत्र बसतात. घरोघरची अंबील तांब्यातून येते अन् एकाच मोठ्या मातीच्या डेऱ्यात पडते. तांब्या घ्यायचा, ओतायचा, पळीनं ढवळायचं अन् वाढायचं, हा मान अप्पांच्या घरचा. बाप गेल्यावर पळी त्यांच्या हातात आली, त्याला एकोणतीस वर्षं झाली.

ज्वारीचं पीठ आंबवून शिजवायचं अन् ताकात कालवायचं, ही अंबील. कुणाची आंबटढाण, कुणाचा हात लसणाला सैल, कुणाचा मिठाला आखडता. डेऱ्यात पडली की सगळ्यांची मिळून एक चव व्हायची. अप्पा तळहातावर थेंब घेऊन चाखायचे अन् मान हलवायचे. यापलीकडं त्यांनी जन्मात नाव घेण्यासारखं काही केलं नव्हतं, अन् कुणी तशी अपेक्षाही केली नव्हती.

मागच्या चार येळवशींना मात्र त्यांनी एक गोष्ट केली होती, अन् ती त्यांना आतून कुरतडत राहिली होती.

चारेक वर्षांमागं मठाचे पंच व्यंकटराव यांच्या पोरानं पाण्याच्या पाळीवरून एका गड्याचा हात कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला होता. बघणारे दहाजण होते. लातूरच्या कोर्टात जबानी द्यायला गेली ती एकटी मल्लम्मा, गावात पिठाची गिरणी चालवणारी विधवा बाई. जे बघितलं ते सांगून आली. पोरगं आठ महिने आत बसलं. गावानं मल्लम्माला वाळीत वगैरे टाकलं नाही, तसलं केलं तर आता केस होते. दळण तिच्याकडंच जायचं. फक्त येळवशीला ती तांब्या घेऊन आली की अप्पा म्हणायचे, "डेरा भरला गं बाई." व्यंकटराव शेजारीच मांडी घालून बसलेले असायचे. मल्लम्मा तांब्या पदराखाली घ्यायची अन् बांधाबांधानं परत जायची.

यंदा अमावस्येच्या आदल्या दुपारी अप्पा ओसरीवर लसूण सोलत बसले होते. नांदेडला भाषेचं एम.ए. करणारी नात स्वप्नाली सुट्टीला आली होती. ती वहीत डोकं घालून बसली होती.

"काय करायलीस गं?"

"शब्द तपासायलेय, अज्जा. काही शब्द असे असतात, त्यात तेच टाकलं तरी नाव बदलत न्हाई. पाण्यात पाणी ओतलं तर?"

"पाणीच."

"ज्वारीत ज्वारी?"

"ज्वारीच की. ह्याला कालिज कशाला लागतंय?"

"अन् घागरीशेजारी घागर ठिवली तर?"

"दोन घागरी झाल्या."

"बघा! घागर मोजावी लागली. पाणी नुसतं वाढलं, नाव तेच राह्यलं. आता तुमचा डेरा घ्या. गावभराची अंबील पडली, अन् वरून अजून एका घरची टाकली, तर?"

अप्पांच्या बोटातली पाकळी तशीच राहिली. पोरगी नांदेडात राहायची, तिला गावातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं सहज विचारलं होतं.

"अज्जा?"

"अंबीलच," अप्पा म्हणाले अन् सालपटं झाडत उठले. त्या दिवशी मग त्यांना जेवण गेलं नाही. मल्लम्माचा तांब्या घेतला तर पळी जाणार, हे त्यांना दिसत होतं. मठाचा मान कुणाला द्यायचा, ते व्यंकटराव ठरवायचे.

दुसऱ्या दिवशी कडब्याच्या कोपीत लक्ष्मीची पूजा झाली. हरभरा घाट्यावर आला होता, थंडी अजून अंगात होती. बायका एकेक करून तांब्या देत गेल्या, अप्पा ओतत गेले. शेवटी मल्लम्मा आली. तिनं तांब्या पुढं केला नाही, नुसता धरून उभी राहिली. उत्तर तिला पाठ होतं.

अप्पांनी हात लांबवून तांब्या घेतला अन् डेऱ्यात पालथा केला. वर दोनदा पळी फिरवली.

व्यंकटराव उठून उभे राहिले. "अप्पा! ह्ये काय केलं? काढा तिची भाईर!"

अप्पांनी पळी त्यांच्यापुढं धरली. "घ्या. तिची कोणती, तुमची कोणती, तुम्हीच काढा."

व्यंकटरावांनी डेऱ्यात बघितलं. पांढरट, वर कोथिंबीर तरंगणारी, सगळीकडं सारखीच.

मागून महामायाकाकू बोलली, "चाखून बघा की व्यंकटराव. जिथं खरं लागंल, तिथली तिची."

दोघीतिघी पदराआड हसल्या. व्यंकटराव हसले नाहीत. "पुढल्या सालापासून पळीला दुसरा माणूस बघू," एवढं बोलून त्यांनी पायताण घातलं. त्यांच्यामागं पाच घरं उठली, पालेभाजी अन् शेंगदाण्यांच्या भज्जीची भगुली उचलून न जेवता गेली. बाकीची माणसं खाली मान घालून बसून राहिली. मग कुणीतरी वाटी पुढं केली, अन् अप्पा वाढायला लागले.

पंगत उठल्यावर मल्लम्मा आपला तांब्या न्यायला आली. अप्पा डेऱ्याशी एकटेच होते. डेऱ्यात बरीच अंबील उरली होती.

"मल्लम्मा," अप्पा खाली बघत म्हणाले, "मागली चार सालं डेरा भरलेला नव्हता. अर्धाच असायचा."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "मी काय आंधळी हाय व्हय? उभ्या माणसाला दिसतंय की आतलं."

मल्लम्मानं तांब्या उचलला, डेऱ्यात बुडवून गच्च भरला अन् पदराखाली न घेता, हातात उघडा धरून गावाच्या वाटेला लागली.