पाहुण्यासमोर कमी सांगायचं नसतं

आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत माझ्याकडे देणगीदारांशी संपर्क ठेवण्याचं काम आहे. आमचं ऑफिस शहापूरला. वसतिगृह होतं ते मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका कातकरी वाडीत. वसतिगृह म्हणजे शाळेमागची पत्र्याची खोली, बाहेर चूल, आणि वाडीतलीच एक मावशी स्वयंपाकाला. दिवाळी झाली की वाडीतली माणसं बिऱ्हाड बांधून वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने मुलांनी मागे राहून शाळा करावी म्हणून ही खोली. बावीस मुलं असायची.

तिचा सगळा खर्च मुलुंडचं एक निवृत्त जोडपं उचलायचं. मी त्यांना काका-काकू म्हणते. संस्थेच्या प्रमुख बाई मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "पैसे हवेत तेव्हाच फोन करायचा असं नको. माणसं जोड." ते मला जमण्यासारखं होतं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दोन दिवस दवाखान्यात बसले. संक्रांतीला मुलांच्या हातची पत्रं पाठवायचे. भात झोडून झालं की घरचा तांदूळ नेऊन द्यायचे. काही वर्षांत मी त्यांच्या घरचीच झाले. फोन उचलला की काकू आधी विचारायच्या, "जेवलीस का?"

पण ती दोघं जसजशी जवळची झाली, तसतसं त्यांच्याकडे काही मागणं मला जड जाऊ लागलं. अनोळखी कंपनीला मी सरळ पत्र लिहू शकत होते. काकूंना सांगताना जीभ रेटत नसे.

मीही याच भागातली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. बारावीच्या परीक्षेची फी माझ्या सरांनी भरली. वडील त्यांना भेटायला गेले ते डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन. सरांनी विचारलं, "अजून काही लागेल का?" वडील म्हणाले, "नाय सर, सगळं हाय." तेव्हा माझ्याकडे एक पुस्तक धड नव्हतं. परतताना वडील मला म्हणाले, "देनाऱ्यापुढं रडायचं नाय गो." त्या सरांमुळे मी आज इथे आहे, आणि वडिलांचं मी कधी चुकीचं मानलं नाही.

गेल्या गणपतीनंतर काका-काकू पहिल्यांदा वाडी बघायला आले. त्यांना वाडीने जेवायला घालायचं ठरवलं. अंगणं सारवली. पलीकडच्या गावातल्या मंडळाच्या खुर्च्या आणल्या, बचत गटाची नवी ताटं काढली. वसतिगृहाच्या खोलीचा पत्रा दोन ठिकाणी गळत होता. त्याखालचे डाग झाकायला कोणीतरी रांगोळी काढली. मुलांच्या गोधड्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. त्या मी स्वतः उचलून शाळेच्या अडगळीत टाकल्या आणि दाराला कडी लावली. मला कोणी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांना दिसू नयेत एवढंच डोक्यात होतं.

पंगत बसली. काकांच्या ताटात कोंबडीची तंगडी वाढत वाडीतले एक म्हातारबा म्हणाले, "घ्या काका, लाजू नका. सकाळपासनं धावडवलंय या कोंबरीनं आमाला. हिला आदीच कललं होतं पावने येनार ते."

"मग ती माझ्यापेक्षा हुशार," काका म्हणाले. "मला काल रात्रीपर्यंत गाडी मिळेल की नाही ठाऊक नव्हतं."

सगळे हसले. काका माणूस साधा, पण विचारायचं ते विचारणारा. हात धुतल्यावर ते मावशीकडे वळले. "मावशी, खरं सांगा. इथे काय कमी पडतं?"

मावशीने पदर सावरला. "काय नाय काका. तुमच्या किरपेनं सगळं हाय."

"पांघरुणं वगैरे?"

"हायेत की."

"आणि आम्ही नसलो तर चालेल का हे?"

म्हातारबाच मध्ये म्हणाले, "चालंल की! आमी काय मेलो का?" पुन्हा हसणं झालं. पाहुण्यासमोर घरातलं कमी सांगायचं नसतं. घरात दाणा नसला तर शेजारून आणून ताट भरतात, आणि भरल्या ताटावर गाऱ्हाणं सांगत नाहीत. वाडीला ते माहीत, मलाही माहीत. काकांना ते कसं माहीत असणार? हे सांगणं माझं काम होतं. दोन्हीकडची होते ती मीच.

गाडीत बसताना काकूंनी मला जवळ घेतलं. "छान उभं केलंत गं. पुढे जमेल ना तुम्हाला?"

मी म्हणाले, "जमेल काकू. तुम्ही काळजी करू नका."

पंधरा दिवसांनी काकांचं पत्र आलं. प्रेमाचं पत्र होतं. वाडी स्वतःच्या पायावर उभी आहे हे बघून दोघांना धन्य वाटलं होतं. म्हणून या वर्षापासून त्यांनी मेळघाटातल्या एका शाळेला मदत कबूल केली होती, तिथे गरज फार आहे असं लिहिलं होतं. आपलं नातं आहे तसंच राहील, असंही होतं.

मी लगेच फोन केला. गळणारा पत्रा सांगितला, गोधड्या सांगितल्या, कडीसुद्धा सांगितली.

"अगं, मी विचारलं होतं ना? तुझ्यासमोर विचारलं."

"हो काका."

"आता तिकडे शब्द दिलाय. त्यांनी माणसं नेमली. कसा फिरवू?"

ते बरोबरच होतं. बाईंनी आणखी दोन-चार ठिकाणी प्रयत्न केले. एका कंपनीने नाव छापलेली दप्तरं देऊ केली. जेवण आणि मावशीचा पगार त्यांच्या योजनेत बसत नव्हता. तोवर दिवाळी चार दिवसांवर आली.

वाडीवर सांगायला मीच गेले. मावशी तांदूळ निवडत होती, तिने हात थांबवला नाही. "म्हंजे आमीच नाय म्हटलं म्हना की."

"मी पण म्हटलं, मावशी."

"तू तरी शिकलेली ना गो ताय?" मग ओट्यावर बसलेल्या म्हातारबांकडे बघून म्हणाली, "ऐकलं का? कोंबरी बी गेली नं खोली बी." या वेळी कोणी हसलं नाही.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवाल्याचा टेम्पो आला. मुलं भांड्यांच्या आणि ताडपत्रीच्या मधल्या जागेत बसली. चौथीतल्या एका मुलीने दप्तर घेतलं होतं. आईने ते तिच्या पाठीवरून काढून दाराआड ठेवलं आणि तिच्याकडे धाकट्या भावाला दिलं. मावशीही नवऱ्याबरोबर गेली. तिला आता इथे काम नव्हतं.

काका-काकूंचे फोन अजून येतात. काकू अजून "जेवलीस का" विचारतात. काका मुलांबद्दल विचारतात, तेव्हा मी आता सगळं खरं सांगते: कोण कोणत्या भट्टीवर आहे, कोण माती मळतं, कोणाचं नाव फक्त हजेरीपटावर उरलंय. ते ऐकून घेतात. मग फोन काकूंकडे देतात.