पोळ्याच्या दिवशी मोजलेला रस्ता

नागपूरहून एका दिवसात कुठे जाऊन येता येईल, असं विचारणाऱ्यांना मी नेहमी काटोल-नरखेडकडे पिटाळते. या थंडीत मीच गेले, दोन मुक्कामांसाठी. पण संत्री खायला नाही, रस्ता मोजायला.

झालं असं की मावशीचा फोन आला. नरखेड तालुक्यातल्या तिच्या गावामागच्या टेकडीवर दगडाची खाण होऊ घातली आहे. टिप्पर जाणार ते तिच्या दारावरून. घर रस्त्याच्या अलीकडे, संत्र्याचा बगीचा पलीकडे. खाणवाल्यांच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत आला होता. "त्यात लिहून हाये, आपल्या रस्त्यावर कोणी फिरकतच नाही म्हणे," मावशी म्हणाली. "तू गाड्या मोजाले जात होती ना वं? ये मंग." डिप्लोमाच्या सुट्टीत मी नागपूरच्या चौकांत उभी राहून गाड्या मोजल्या होत्या. ती विद्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला हवी होती.

जाणार असाल तर सकाळची पहिली एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे. काटोलच्या स्टँडवर पोहे खा आणि तर्री वरून जास्त मागून घ्या, थंडीत तिचा राग येत नाही. नरखेडहून गावाकडे ऑटो मिळतो, पण गच्च भरल्याशिवाय तो हलत नाही. पुढचा रस्ता एवढा अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला खाली उतरावंच लागतं. संत्र्याच्या तोडीचे दिवस होते, आम्ही तीनदा उतरलो. अहवालात हा रस्ता 'बहुतांशी मोकळा' आहे.

भाकर, झुणका आणि मावशीच्या हातची सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, झाल्यावर ओसरीवर मी सारांश मोठ्याने वाचला. बैलगाड्या शून्य. रस्ता ओलांडणारे शून्य.

"शून्य? माहे बैल का मेले होते?" मावशी म्हणाली. "तारीख वाच बरं."

मी तारीख वाचली. तिने खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, मागची पानं उलटली आणि कपाळाला हात लावून हसायला लागली. "पोळा हाये ना वं हा! त्या दिवशी कोण बैल जुंपते? सारं गाव तोरणाखाली उभं होतं."

काका फारसे बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "अन भरलेले टिप्पर जातीन, तं रिकामे वापस नाही येतीन का?" मी पुन्हा पाहिलं. येणारे टिप्पर कुठेच धरलेले नव्हते. मला हसू आलं नाही, संताप आला. मावशीचा अख्खा जन्म त्या एका शून्यात बसवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा मी ओट्यावर वही घेऊन बसले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. दूधवाला, शाळेच्या सायकली, कापूस वेचायला निघालेल्या बाया, क्रेट भरलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, एसटी. शेळ्यांसाठी रकाना नव्हता, तो पाडला. मावशीला कामाच्या धांदलीत आपल्या फेऱ्या लिहिणं जमेना, म्हणून तिने ओट्यावर एक वाटी ठेवली. रस्ता ओलांडून परत आली की तुरीचा एक दाणा.

"काय लिहून राहिली वं ताई?" एका मोटारसायकलवाल्याने विचारलं.

"तुम्हालाच."

"असं का? मंग अजून चार चकरा मारतो."

मी त्याला हात जोडले. एक आकडा खोटा सापडला की खरे सगळे मातीत. तो एकदाच गेला.

संध्याकाळी वाटीत सव्वीस दाणे निघाले. मावशीचा डावा गुडघा दुखरा आहे, हे त्या वाटीत दिसत नव्हतं, म्हणून मी वहीत लिहिलं.

तिसऱ्या दिवशी तालुक्याला खाणीची जनसुनावणी होती. मांडव, खुर्च्या, सोबत पोलीस. मावशी उठली, अधिकाऱ्यासमोर वाटी ठेवली आणि पोळ्याचं सांगितलं. मांडवात हशा पिकला. अहवाल बनवणारा सल्लागार मात्र हसला नाही. "एका दिवसाने काय फरक पडतो?" तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मोजलं असतं तरी आकडे साधारण असेच आले असते."

"दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा राहते, लेकरांचा," मावशी म्हणाली.

"मग यायचं तरी कधी?"

"आमी कामावर असतो तवा या. बाकीचे सारे दिवस हायेतच."

अधिकाऱ्याने मोजणी पुन्हा करायला लावू, असं इतिवृत्तात लिहून घेतलं. दाणे मात्र नोंदले नाहीत. मावशीने वाटी उचलून पिशवीत टाकली आणि मी चारची एसटी धरली.

खाण थांबली का? नाही. नवी मोजणी कधी होणार, तेही कुणी सांगत नाही. मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतून भाजी आणायला जाते आणि नकळत रेघा ओढत राहते. मावशीने वाटी बंद केलेली नाही. रोज दिवेलागणीला तिचा मेसेज येतो, नुसता आकडा. चोवीस. सव्वीस. तेवीस, गुडघा दुखला त्या दिवशी.

काल आला: "सत्तावीस. सव्वीस कामाचे. एक मुद्दाम, रस्ता आपला हाये म्हणून. तो अलग लिहिजो."