शेवंतीची सुई

विमलताईंची नजर गेली त्याला आता काही वर्षं झाली. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवता शिजवता साखरेचा आजार अंगात मुरला, आणि कळला तेव्हा तो डोळ्यांपर्यंत पोचला होता. डावा डोळा पार गेला. उजव्यात उजेड आणि सावल्या तेवढ्या उरल्या. दारात कोणी उभं राहिलं की काळं काहीतरी दिसतं, पण ते नवरा आहे की शेजारची निकिता, हे आवाज आल्याशिवाय कळत नाही. नेरजवळच्या त्या लहानशा गावात, आपल्या घरात मात्र त्या भिंतीला हात न लावता फिरतात.

शेवंती ही मांजर घरात आली ती नजर गेल्यावर. पिवळसर रंगाची म्हणून नाव नवऱ्याने, मारोतरावांनी ठेवलं. विमलताईंनी तो रंग कधी पाहिलाच नाही. त्यांना मांजर ठाऊक होती ती वजनाने. दुपारी पायावर येऊन पडायची, तेव्हा पाय जड व्हायचे आणि ऊब लागायची.

मागच्या हंगामात भाव पडला म्हणून मारोतरावांनी कापूस विकला नाही, पुढच्या खोलीत भरून ठेवला. उन्हाळ्यात त्या कापसाची खाज घरभर झाली. माणसं अंग खाजवत होती, आणि गंजीवर झोपणाऱ्या शेवंतीने तर मानेचं कातडं सोलून काढलं. गावोगाव फिरून जनावरांना सुया देणारा एक जण यायचा. त्याने खाजेवर सुई दिली, खाज थांबली. पुन्हा उठली की पुन्हा सुई. पावसाळाभर हे चाललं.

नंतर शेवंती पाणी प्यायला लागली. भांडं भरून ठेवावं तर ते रिकामंच. कोपऱ्याकोपऱ्यात मुतायची. एका सकाळी मारोतराव करवादले, "पाह्य, तुह्या मांजरीच्या मुतावर मुंग्या लागल्या!"

विमलताई चुलीपाशी होत्या. हातातलं उलथणं तसंच राहिलं.

"मुंग्या? तिले साखर झाली."

"मांजरीले कुठी शुगर रायते का?"

विमलताईंनी आपलं शुगर तपासायचं यंत्र मागितलं. शेवंतीच्या कानाच्या कडेला सुई टोचली, थेंब पट्टीला लावला आणि यंत्र मारोतरावांपुढे धरलं.

"आकडा नाई आला," ते म्हणाले. "इंग्रजीत हाय लिहून आलं."

यंत्राला मोजता येणार नाही इतकी साखर. विमलताईंना हे ठाऊक होतं. त्यांना शाळेतून उचलून दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा हेच लिहून आलं होतं.

त्याच आठवड्यात शेवंतीने खाणं सोडलं, ओकायला लागली, आणि तिच्या तोंडाला सडक्या फळांसारखा वास येऊ लागला. बांबूच्या टोपलीत घालून दोघांनी तिला बसने यवतमाळला नेलं. तिथे राजदीप नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी सलाइन लावलं आणि तिला तिथेच ठेवून घेतलं. मारोतराव कापसाच्या वेचणीसाठी गावी परतले. विमलताई दवाखान्याच्या बाकावर राहिल्या.

शेवंती वाचली. पण डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं, "काकू, त्या खाजेच्या सुयांनी बहुतेक हे झालंय. आता रोज दोन वेळा इन्सुलिन लागेल. खाल्लं तरच द्यायचं. जास्त झालं तर साखर उतरून ती मरेल, दिलं नाही तर चढून मरेल. तुम्हाला दिसत नाही. कसं करणार?"

"ऐकू येते ना," विमलताई म्हणाल्या. "मी माहं इन्सुलिनचं पेन कानानंच लावतो. एक युनिटले एक टिक."

 डॉक्टरांनी शेवंतीसाठीचं पेन विमलताईंच्या हातात दिलं. दर वेळी दोन टिक.

घरी आल्यावर जे सुरू झालं, त्याची कल्पना विमलताईंनाही नव्हती. शेवंतीचे मागचे पाय गेले होते. पंजावर न चालता ती टाचांवर घसटत चालायची, आणि तो फरफटण्याचा आवाज विमलताईंना घरभर ऐकू यायचा. ती खात नव्हती. खाल्ल्याशिवाय सुई नाही, सुईशिवाय जीव नाही. उकडलेलं अंडं कुस्करून बोटाने तिच्या टाळूला लावायचं, ती थुंकायची, पुन्हा लावायचं. कधी अर्धं अंडं जायला सगळी सकाळ जायची. मग मानेमागचं कातडं चिमटीत धरून सुई. सुई कातडीत गेली की नुसती केसांत, हे डोळ्यांनी कळणार नव्हतं. म्हणून त्या नाक लावून हुंगायच्या. केसांना औषधाचा वास आला, की डोस वाया गेला. दुसऱ्यांदा द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. मग संध्याकाळपर्यंत नुसतं बसून राहायचं.

आपलं जेवण, आपली सुई, यांची वेळ विमलताईंना राहिली नाही.

"माणसाले कोणी एवढं करत नाई," मारोतराव एकदा शेतातून आले ते चिडूनच बोलले. "ते तं मरून राह्यली, तिच्या संगं तूबी मरतं काय? सोडून दे तिले."

"कुठी सोडू?"

"देवाच्या भरोशावर."

"मले सोडलं होतं का तुमी?" विमलताई म्हणाल्या. "मी उठत नव्हतो, दिसत नव्हतं, तवा सोडलं का? मंग हिले काहून सोडू?"

मारोतराव उठून बाहेर गेले. बराच वेळ ते ओट्यावर बसून होते. आत विमलताई मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पाठीचा एकेक मणका बोटांना लागत होता. त्यांना वाटलं, यांचंच खरं असेल. आपण हिला जगवत नाही, हिचं मरण लांबवतोय.

मग ती दुपार आली. सकाळी शेवंतीने थोडं खाल्लं होतं, सुई नीट लागली होती. मारोतराव शेतात, निकिता नेरच्या बाजाराला. विमलताईंनी भांडी घासली आणि हाक मारली. आवाज नाही. फरफटणं नाही. जिथे झोपायची ती गोधडी चाचपली, गार होती. बाजेखाली हात घातला, धान्याच्या कोठीमागे घातला. हाका मारता मारता त्यांचा आवाज चिरकला. घरभर त्या गुडघ्यांवर रांगत होत्या, जमीन हातांनी झाडत होत्या, आणि मांजर त्यांच्यापासून वीतभर अंतरावर मेलेली असली तरी आपल्याला कळणार नाही, या विचाराने त्यांना रडू फुटलं.

पुढच्या खोलीत नव्या कापसाची गंजी होती. त्यात त्यांनी दोन्ही हात खुपसले. आत खोलवर काहीतरी थरथरत होतं.

त्यांनी तिला ओढून बाहेर काढलं. अंग ताठ, पाय झटके देत होते, तोंडाला फेस. साखर उतरली होती. ही थरथर विमलताईंनी आपल्या अंगाने भोगलेली होती. साखरेचा डबा हाताशीच असायचा. चिमूटभर साखर पाण्यात कालवून त्या शेवंतीच्या हिरड्यांना चोळू लागल्या. झटक्यात जबडा मिटला आणि दात बोटात रुतले. त्यांनी बोट काढलं नाही. जबडा सुटल्यावर पुन्हा साखर लावली, पुन्हा चोळली.

"माय, नको जाऊ," एवढंच त्या म्हणत होत्या.

मारोतराव आले तेव्हा विमलताई कापसात बसलेल्या होत्या. मांडीवर शेवंती, लुगड्यावर रक्त, आजूबाजूचा कापूस लालसर झालेला. शेवंती श्वास घेत होती. मारोतरावांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आज सुई द्यायची नाही, उद्यापासून एकच टिक. शरीर स्वतःची साखर थोडी सांभाळू लागलं असेल, म्हणून असं झालं असेल. नक्की सांगता येत नाही.

बोटात दात किती खोल गेलेत, हे विमलताईंनी कोणाला सांगितलं नाही. हळद लावून चिंधी बांधली. काही दिवसांत बोट सुजलं, मग हात, मग ताप. मारोतरावांनी चिंधी सोडली आणि ते घाबरून मागे सरले. अमरावतीच्या दवाखान्यात विमलताईंना दाखल केलं. बोटाचं वरचं पेर काढावं लागलं.

बेशुद्धीतून बाहेर येताच त्यांनी विचारलं, "तिले कोण देऊन राह्यलं?"

मुलगी दिपाली पुण्याहून धावत आली होती. ती वैतागून रडत म्हणाली, "आई, तुझं बोट गेलं, आणि तू मांजरीचं विचारतेस!"

विमलताईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळी दिपालीने मुकाट्याने गावी फोन लावला आणि आईच्या कानाला धरला.

"देता का सुई?" विमलताईंनी विचारलं.

"देतो," मारोतराव म्हणाले.

"खोटं बोलून राह्यले तुमी. तुमाले सुईचं भेव वाटते."

तिकडे फोन जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग मारोतराव म्हणाले, "ऐक." फोनमधून एक बारीक टिक आली. पाठोपाठ शेवंती नाराजीने ओरडली, आणि मारोतरावांचा मोठा श्वास ऐकू आला.

"केसाले वास येते का पाह्य," विमलताई म्हणाल्या.

"नाई येत. गेली आत." ते म्हणाले. "रोज एका हातानं धरतो, दुसऱ्यानं टोचतो. दोनदा मलेच टोचली."

विमलताई घरी आल्या तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. शेवंती आता अर्ध्या पंजावर चालत होती, आणि डॉक्टरांनी सुई बंद करून पाहायला सांगितलं होतं. साखरेचा आजार परत येईल की नाही, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. चार-आठ दिवसांनी कानातून थेंब घ्यायचा आणि मारोतरावांनी आकडा वाचायचा. तो वाचेपर्यंत विमलताई श्वास धरून असायच्या. अजूनही असतात.

पण शेवंती त्यांच्याजवळ आली नाही. त्यांच्या अंगाला दवाखान्याचा वास होता, हाताला पट्टी होती. त्यांनी हाक मारली की ती फरफटत दुसऱ्या खोलीत, मारोतरावांकडे जायची. विमलताई ओट्यावर बसून राहायच्या. पायांवर वजन नव्हतं.

मारोतरावांना ते पाहवेना. "धरून आणू का?" त्यांनी विचारलं.

"नको," विमलताई म्हणाल्या. "नाई आली तं नाई आली. जेवली का?"

"जेवली."

"सगळं?"

"सगळं."

विमलताईंनी मान हलवली आणि पट्टीचा हात मांडीवर ठेवून त्या तशाच बसून राहिल्या.